टाकीवरच्या टिचक्या

मार्च सरत आला की आमच्या घरात एक आवाज सुरू होतो. मागच्या अंगणात हजार लिटरची काळी टाकी आहे. सासूबाई तिच्यावर टिचक्या मारत खालून वर जातात. पाणी आहे तिथवर आवाज बद्द येतो, पुढे पोकळ. आवाज बदलतो तिथे त्या क्षणभर थांबतात, काही बोलत नाहीत, आणि घरात येऊन आधी मोरीतली तोटी आवळतात. असं दिवसातून दहा-बारा वेळा. मी मनातल्या मनात हसायचे. मग एका मे महिन्यात पहाटे साडेतीनला मीच अंधारात टाकीपाशी उभी होते आणि माझीही टिचकी टाकीच्या पोटावर पडत होती. आदल्या रात्री झोपताना पाणी कुठवर होतं, हे मला नीट ठाऊक होतं. रात्रीतून कुणी चोरून नेणार नव्हतं. तरी उठले.

ही भीती उगाचची नाही, हे आधी मान्य करू. सासूबाई १९७२ च्या दुष्काळात परकरातली पोर होत्या. दुष्काळी कामावर आईबरोबर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पाण्याला जाताना दोराची लांबी दर आठवड्याला वाढत गेली, हे त्या आजही हाताने दाखवतात. अशा माणसाला ‘काळजी करू नका’ म्हणणं म्हणजे त्यांच्या आयुष्याला खोटं म्हणणं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्याचा घोर नसलेलं घर विरळाच. घरातली पाण्याची टंचाई मोजण्यासाठी अभ्यासकांनी २०१९ मध्ये १२ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. ती जगभर वापरतात. हंडे किती, लिटर किती, असे प्रश्न तिच्यात नाहीत. पाण्याची काळजी वाटली का, पाण्यावरून राग आला का, लाज वाटली का, हे मात्र विचारलं आहे. टंचाई आधी मनाला कोरड पाडते, हे आपल्या बायकांना कुणी पट्टी लावून सांगायची गरज नव्हती. पण मोजणाऱ्यांनीही ते धरलं, हे बरं झालं.

तेव्हा भीती घालवायची, असा या लेखाचा दावा नाही. तिला कामाला लावायचं, एवढंच. माझा अनुभव असा, की टिचकीतून ‘आहे’ किंवा ‘संपत आलं’ एवढंच कळतं, आणि त्या दोन्हींच्या मधली सगळी जागा जिवाचा घोर भरून काढतो. तिथे आकडा बसवला की घोराला जागा कमी उरते.

काठी आणि कॅलेंडर

आम्ही वेळूची एक काठी घेतली. टाकी रिकामी असताना वीस लिटरच्या बादलीने भरत गेलो आणि दर पाच बादल्यांनंतर, म्हणजे शंभर लिटरला, काठीवर चाकूने खाच पाडली. अर्धा दिवस गेला आणि नातवाला फार मजा आली. आता सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा काठी बुडवायची, खाच पाहायची, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायचा. काठी फक्त याच कामाची, स्वच्छ, आणि टाकीच्या झाकणाजवळच टांगलेली. बाकी वेळी टाकीकडे जायचं नाही, हा नियम. सासूबाईंनी तो पाळला असं मी म्हणणार नाही. पण दहा-बाराचे तीन-चारवर आले.

पुढचं काम खर्चाचं. तीन दिवस बादल्या मोजा. आंघोळीला किती, कपड्यांना किती, संडासात किती, भांड्यांना किती. लाजायचं नाही आणि त्या तीन दिवसांत मुद्दाम काटकसरही करायची नाही, नाहीतर हिशेब खोटा निघतो. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. म्हणजे हजार लिटरची भरलेली टाकी साडेतीन दिवसांची. टँकरवर गाव गेलं की माणशी २० लिटरचा हिशेब सुरू होतो. मग तीच टाकी दहा दिवसांची. पिणं आणि स्वयंपाक एवढंच धरलं तर जागतिक आरोग्य संघटना माणशी साडेसात लिटर पुरेसे मानते. पाच माणसांना ३८ लिटर, म्हणजे दोन बादल्यांना थोडं कमी.

हा शेवटचा आकडा मला फार उपयोगी पडला. मी झोपताना दोनशे लिटरचं एक पिंप ‘हात लावायचा नाही’ म्हणून वेगळं ठेवते. नळ आला नाही, टँकर चुकला, वीज गेली, तरी पाच दिवस कुणी तहानलेलं राहणार नाही, हे त्या पिंपाकडे पाहून मला कळतं. पहाटे उठणं ज्या दिवशी थांबलं तो दिवस पावसाचा नव्हता, ते पिंप भरून झाकण लावल्याचा होता.

हिवरे बाजारचं खातं

ही वही-काठीची अक्कल माझी नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने ती सगळ्या गावाच्या पातळीवर करून दाखवली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव रोजगारासाठी बाहेर जाणाऱ्यांचं आणि दारूचं गाव होतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, डोंगरावरचे समतल चर, बंधारे हे सगळं आपण अनेकदा वाचलं आहे, शाळेच्या सहलीही जाऊन आल्या आहेत. बहुतेक जण परतताना हिरवा डोंगर पाहून येतात. मला तिथला पर्जन्यमापक आणि जमाखर्च जास्त मोलाचा वाटतो.

गावाचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे साध्या एका मिलिमीटरला हिवरे बाजारच्या शिवारात कोटीभर लिटर उतरतं. त्यातलं किती वाहून गेलं, किती उडालं, किती मुरलं याचा अंदाज बांधायचा. मग आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. ऊस आणि केळी नाहीतच, शेतीसाठी बोअरही नाही. तिथेही पाऊस कमी पडतोच, आभाळाने त्या गावाशी वेगळा करार केलेला नाही. मात्र वर्ष कोरडं निघालं तर कुठे हात आखडायचा, ते उन्हाळ्याच्या आधीच ठरलेलं असतं.

पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने त्याच्याही आधी, अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतल्यानंतर, पाणलोटाची कामं उभी केली. संगमनेरकडच्या दरेवाडीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून डोंगर सावरला. एकाच जिल्ह्यात एवढी उदाहरणं असून शेजारची गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, याचं कारण तंत्र ठाऊक नसणं हे नक्कीच नाही.

कोणता आकडा पाहायचा

मोबाइलवर दिवसभर धरणांचे टक्के फिरत असतात. ते पाहून माझ्या एका मैत्रिणीचा रक्तदाब वाढतो, कमी झाल्याचं ऐकलेलं नाही. पाहायचेच असतील तर नीट पाहा. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी, पण त्यातला सुमारे साडेचार टीएमसी मृतसाठा. म्हणजे उपयुक्त साठा साडेएकवीस. बातमीत कोणता साठा दिला आहे ते आधी वाचा, नाहीतर उगाच आनंद किंवा उगाच धसका. शिवाय वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती सोडायचं, हा वाद दर तुटीच्या वर्षी येतोच. तो आपल्या टाकीपाशी बसून सुटत नाही.

दुसरं, आपल्या जिल्ह्याचा पाऊस ओळखा. हा क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, १४ तालुके. अकोल्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस मोजून माणसं थकतात, आणि पूर्वेला पाथर्डी, कर्जत, जामखेडची जमीन त्याच जुलैत भेगा दाखवत असते. पण पूर्वेकडचा खरा पाऊस परतीचा. सरासरी पाहिली तर जिल्ह्यात सप्टेंबर महिना सगळ्यात ओला. जुने लोक ‘उत्तरा-हस्त बघू’ म्हणत, ते धीर देण्यासाठी उच्चारलेले शब्द नव्हते, या पठाराचं वेळापत्रक होतं. म्हणून आषाढात कोरडं आभाळ पाहून हातपाय गाळू नका. आणि हस्ताचा पाऊस होऊन गेला की मात्र डोळे उघडा, कारण वर्षाचा हिशेब तेव्हाच मांडायचा असतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्यातला ऑक्टोबरचा आकडा आपल्या कामाचा. गावातल्या एखाद्या जुन्या आडात दोर सोडून तुम्हीही दर महिन्याला मोजू शकता. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की मार्चमध्ये काय होणार ते दिवाळीत सांगता येतं.

बादलीचा अपराध

आता थोडं कडू. पाणी वाचवा म्हणून जी भित्तिपत्रकं लागतात त्यांत नेहमी घरातली बाई आणि वाहता नळ असतो. एक गणित करून बघा. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. पाच माणसांचं घर माणशी ५५ लिटरने वर्षभर जेवढं पाणी वापरेल, तेवढंच. पाटाने मोकळं पाणी दिलं की एका पाळीत तीन इंच सहज जातात. म्हणजे एका एकर उसाच्या एका पाळीत आपल्यासारख्या एका घराचं तीन वर्षांचं पाणी. आणि उसाला पाळ्या किती लागतात ते या सहकारी साखरेच्या जिल्ह्यात मी कुणाला शिकवायला नको. (प्रवरानगरचा कारखाना आपल्याकडचा, याचा अभिमान मलाही आहे. चहात दोन चमचे साखर मीही घालते.)

हे सांगण्याचं कारण ऊस लावणाऱ्याला दोष देणं नाही, त्याला भावाची खात्री असलेलं पीक दुसरं कोणतं, हा प्रश्न खरा आहे. कारण हे, की आंघोळीला अर्धी बादली जास्त घेतली म्हणून स्वतःला अपराधी मानणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्याहून वाईट, संडासला जावं लागू नये आणि पाणीही वाचावं म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहणाऱ्या. मग लघवीची जळजळ, मूतखडा, चक्कर. पिण्याच्या पाण्यात आणि हात धुण्यात काटकसर करायची नाही, कधीच नाही. घरात वाचवलेलं पाणी तालुक्याचा दुष्काळ हटवत नाही. दोन नळांच्या किंवा दोन टँकरांच्या मधले दिवस मात्र ते निभावतं, आणि तेवढ्यासाठीच ते वाचवायचं.

शिवारातलं पाणी जिथे ठरतं तिथे जायला हवं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. पाऊस संपत आलेला असतो आणि रब्बीची पेरणी बाकी असते. तेव्हा विचारा: यंदा पाऊस किती मिलिमीटर झाला, पिण्यासाठी कोणती विहीर राखून ठेवली, तिच्या आसपास नवं बोअर कोण घेतंय. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे कायद्यात आहे. मे महिन्यातला हंडा मोर्चा फोटोला चांगला, पण तोवर पाणी उसात किंवा कांद्यात गेलेलं असतं.

साठवताना

भीतीचा पहिला हुकूम ‘भरून ठेव’. एका वर्षी मी घरातलं प्रत्येक भांडं भरलं. दोन पिंपं, तीन टिपाडं, हंडे, कळशा, पितळी घंगाळ, शेवटी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या. नळ सुटला की ताजं भरून घ्यायचं आणि जुनं तसंच मागे ढकलायचं. पंधराव्या दिवशी मागच्या टिपाडात डोकावले तर बारीक काड्यांसारख्या अळ्या उलट्या लोंबत होत्या. त्या महिन्यात घरात दोघांना डेंग्यू झाला. दोष सर्वस्वी माझ्या टिपाडाचा.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. सगळी भांडी एकदम रिकामी करणं टंचाईत जमत नाही, हे मला कळतं. मग पाळी लावा: आज हे पिंप, परवा ते. त्यातलं पाणी कपड्यांना वापरा, पिंप आतून काथ्याने घासा, कारण अंडी कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी टिकतात, आणि उलटं करून उन्हात ठेवा. जे रिकामं करता येत नाही त्याच्यावर जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर ताणून दोरीने बांधा. पिण्याच्या पाण्यात आशाताई देतात ते क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. टँकरचं किंवा उपशाचं पाणी असेल तर हे टाळूच नका.

बाकी घरातल्या युक्त्या तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असतील. ठिबकत्या तोटीखाली रात्रभर पातेलं ठेवा आणि सकाळी मोजा, वॉशर आणायला माणूस त्याच दिवशी बाजारात जातो. भांडी वाहत्या नळाखाली घासू नका, दोन घमेली घ्या. पाणी शुद्ध करायचं यंत्र घरी असेल तर त्याची वाया जाणारी नळी बादलीत सोडा, लादी पुसायला आणि संडासाला ते पाणी उत्तम. मोरीचं पाणी अळूला, कर्दळीला, नाहीतर शोषखड्ड्यात. वरच्या टाकीला बॉल कॉक बसवा. आणि पाहुण्याला भरलेला पेला देण्यापेक्षा तांब्या-भांडं द्या. आपल्या आज्यांची ही रीत अगत्याची म्हणून टिकली, पण तीत पाहुणा हवं तेवढंच ओतून घेतो आणि उष्टं पाणी मोरीत जात नाही.

छताचं मात्र मनावर घ्या. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचातला एक भाग वाया गेला असं धरलं, तरी ३७ हजार लिटर हाताशी येतात. एका वीस मिलिमीटरच्या सरीत आमच्या टाकीसारखी दीड टाकी भरते. पावसाळ्याआधी छत झाडून घ्यायचं, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, मग पन्हळीचा पाइप जाळी लावून टाकीत. टाकी भरली की उरलेलं वाळू-खडीच्या खड्ड्यातून मुरवायचं. थेट बोअरमध्ये गाळल्याशिवाय सोडायचं नाही, नाहीतर गाळ बसून असलेलं बोअरही जातं.

घोर कुणाचा

पाण्याची जबाबदारी बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यावर असते आणि ते माणूस बहुधा बाई असते. नळ पहाटे सुटणार असेल तर झोपेतही तिचे कान तोटीतल्या फुसफुशीकडे. मी घरात पाळ्या लावल्या. एक दिवस मी, एक दिवस हे, रविवारी मुलगा. ज्याची पाळी नाही त्याने उठायचं नाही, उठलं तरी बोलायचं नाही. टँकरच्या गावात हेच गल्लीने करावं: चिठ्ठ्यांचा क्रम आदल्या रात्री ठरवायचा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा नि बाळंतिणीचा हंडा आधी. टँकरभोवती होणारी भांडणं पाण्यापेक्षा क्रमावरून जास्त होतात.

पोरांसमोर ‘आता मरायची वेळ’ असं बोलू नये. त्यांना काठी द्या, आकडा लिहायला सांगा. आमचा नातू आता ‘आज सहाशे चाळीस’ असं क्रिकेटच्या धावांसारखं ओरडतो.

हिशेब ठेवूनही कुणाची झोप दोन-दोन आठवडे उडालेली असेल, जेवण सुटलं असेल, छातीत धडधड थांबत नसेल, किंवा विहीर आटलेला, डोक्यावर कर्ज असलेला घरातला माणूस गप्प-गप्प होऊन ‘माझ्यामागं तुमचं कसं’ अशी भाषा बोलायला लागला असेल, तर तो काठी-कॅलेंडरचा विषय राहिलेला नाही. त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत बोलते. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

यंदा एप्रिलात एकदा नळ पहाटे तीनला सुटला. पाळी यांची होती. मला फुसफूस ऐकू आली, मी कूस बदलली आणि खरोखरच पुन्हा झोपले. सहाला उठून पाहिलं तर टाकी काठोकाठ भरलेली, हे खुर्चीत घोरत होते, आणि अंगणातून रस्त्यापर्यंत पाण्याचा ओघळ गेलेला. बॉल कॉक आणून महिना झाला होता. तो अजून पिशवीतच होता.